गाडी गटाची, काळजी कोणाची?

आज बोलू या गाडीबद्दल. हो, गाडीबद्दलच! आता कितीतरी बचत गटांनी भाजी, दूध, पापड-कुरडया बाजारात न्यायला टेम्पो किंवा पिकअप घेतलाय. हप्ता आपण भरतो, पण बॉनेटच्या आत काय चाललंय ते विचारायला आपण कचरतो.

आमच्या गटाने जुना टेम्पो घेतला तेव्हाची गोष्ट. एका बाजारच्या दिवशी वाटेत तेलाचा लाल दिवा लागला. माल उन्हात सुकेल म्हणून ड्रायव्हरदादांनी गाडी तशीच पुढे दामटली. गाव यायच्या आत इंजिन जाम झालं. दुरुस्तीत दोन महिन्यांची कमाई गेली. बैठकीत सगळ्या दादांवर ओरडल्या. मग आमच्या सचिवताईंनी विचारलं, “तेल शेवटचं कुणी तपासलं होतं?” सगळ्या गप्प. कुणीच तपासलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही गावातल्या गाडीवाल्यांना विचारत सुटलो. जितकी माणसं तितकी मतं! त्यातलं खरं काय, ते आज सांगते.

पहिलं मत: “तेल काळं झालं की खराब झालं.” डिझेल गाडीत हे खरं नाही. इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे, म्हणून नवं तेलही लवकर काळं पडतं. बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरवर किंवा महिन्यांवर, जे आधी येईल तेव्हा. पण तेल दुधाळ दिसलं तर समजा, आत पाणी शिरलंय. मग गाडी चालवू नका, मेकॅनिकला दाखवा.

दुसरं मत: “जाड तेल म्हणजे चांगलं तेल.” डब्यावर १५ डब्ल्यू ४० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते. पुस्तकात जो आकडा दिलाय तोच घ्या. आणि तेल बदलताना ऑइल फिल्टरही बदला. स्वयंपाक नवा आणि गाळणं कालचं, असं करू नका.

तिसरं मत: “एअर फिल्टर आपटून झटकला की झालं.” एक लिटर डिझेल जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते. आपल्या कच्च्या रस्त्यावरची धूळ त्या हवेबरोबर आत जाते. फिल्टर आपटला की त्याचा कागद फाटतो, आणि बारीक धूळ इंजिन घासत राहते. हवेने साफ करायचा तर दाब कमी ठेवून, आतून बाहेर फुंकायचा. धुळीच्या रस्त्यावर फिल्टर लवकर तपासा आणि लवकर बदला. इंजिनाच्या खर्चापुढे फिल्टरचा खर्च काहीच नाही.

चौथं मत, आणि हे सगळ्यात घातक: “उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी.” हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि भरल्या गाडीत फुटू शकतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती ठेवायची ते दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तकात असतं. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तोही पाहा.

टायर स्वतः बोलतो बरं का! दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधोमध झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर चाकांची अलाइनमेंट बिघडलेली. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली, की तो बदलायलाच हवा. नाहीतर पावसात गाडी घसरते. नवा टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. १५२४ म्हणजे २०२४ सालच्या पंधराव्या आठवड्यात बनलेला. पडून राहिलेला जुना टायर नवा म्हणून घेऊ नका.

आता तेल तपासायची रीत. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. पट्टी काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला आणि काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी नको, तसंच वरच्या खुणेपेक्षा जास्तही नको. आणि चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा. माल थोडा सुकला तरी चालेल.

काढलेलं जळकं ऑइल विहिरीजवळ, नाल्यात ओतू नका, चुलीत जाळू नका, जनावराच्या जखमेला लावू नका. ते विषारी असतं. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजलाच परत द्या.

आमच्या गटात आता एक वही आहे. दर सोमवारी पाळीने एक जण पट्टी पाहते, हवा तपासते, तारीख आणि किलोमीटर लिहून सही करते. पहिल्या सोमवारी हात काळे झाले तेव्हा सगळ्या हसल्या. आता ड्रायव्हरदादाच विचारतात, “ताई, आज कुणाची पाळी?”

तुमच्या गटाच्या गाडीची पट्टी शेवटची कुणी काढली होती? येत्या बैठकीत विचारा.