फाइल बिघडली? आधी कॉपी काढा!

समजा, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तुम्ही तुमसरच्या एका धान व्यापाऱ्यासाठी हिशेबाचं ॲप बनवलं. कोणाची किती पोती आली, वजन किती भरलं, चुकारे किती बाकी, सगळं दुकानातल्या पीसीवर. दिवाळीनंतर आवक वाढली, ॲप मस्त चाललं. आणि एका सकाळी काकांचा फोन येतो, ‘बाबू, काल रात्री लाइट गेली होती. आता ॲपच उघडून नाही राहिलं.’ स्क्रीनवर एकच ओळ: ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड’.

अशा वेळी हात शिवशिवतात. ॲप पुन्हा टाकून बघू, जुनी फाइल उडवू... थांबा!

अशा छोट्या ॲप्सच्या पोटात बहुतेक वेळा ‘एसक्यूलाइट’ असतो. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो तयार केला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. तुमच्या फोनमध्येही तो आहेच. आणि लाइट जाणं त्याने आधीच गृहीत धरलंय. पान बदलण्याआधी जुन्या पानाची नक्कल तो शेजारच्या ‘जर्नल’ फाइलमध्ये ठेवतो. काम अर्धवट राहिलं, तर पुढच्या वेळी त्यावरून सगळं पूर्ववत करतो. ‘वॉल’ पद्धतीत उलटं असतं: नवे बदल आधी ‘वॉल’ फाइलमध्ये जातात, नंतर मूळ फाइलमध्ये.

मग बिघडलं कुठे? काकांना विचारा, ‘फोल्डरमधलं काही डिलीट केलं का?’ ‘हो, एक फालतू फाइल दिसली, काढून टाकली.’ ती फालतू फाइल म्हणजेच जर्नल! अर्धी पानं जुनी, अर्धी नवी, आणि जोडणारा दुवाच गेला.

आता क्रमाने चला. ॲप बंद करा. मूळ फाइल आणि तिच्या शेजारच्या जर्नल किंवा वॉल फाइल्स, सगळ्यांची एकत्र कॉपी काढा आणि फक्त कॉपीवर काम करा. डिलीट झालेली जर्नल रिसायकल बिनमध्ये सापडली आणि मधल्या काळात नवीन नोंद झाली नसेल, तर ती त्याच नावाने कॉपीशेजारी ठेवून उघडा. मग ‘प्राग्मा इंटिग्रिटी_चेक’ चालवा. ‘ओके’ आलं तर रचना शाबूत आहे. तक्रार फक्त इंडेक्सची असेल तर ‘रीइंडेक्स’ने काम भागू शकतं. नाहीतर एसक्यूलाइटच्या कमांड लाइनमधली ‘डॉट रिकव्हर’ वापरून वाचेल तेवढा डेटा नव्या फाइलमध्ये काढा. यात काही ओळी सुटतात, कधी डिलीट केलेल्याही परत येतात. म्हणून प्रत्येक नोंद काटापावतीशी ताडून बघा.

जर्नल कोणीच उडवली नसेल, तर स्वतःचा कोड तपासा. वेग वाढवायला ‘सिंक्रोनस ऑफ’ केलं होतं का? मग लाइट गेल्यावर फाइल बिघडण्याचा धोका तुम्हीच घेतला होता. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून दोन पीसींवरून उघडत होता का? नेटवर्कवर फाइलचं लॉकिंग अनेकदा दगा देतं आणि वॉल तर तिथे चालतच नाही. ॲप चालू असताना नुसती फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करून त्याला बॅकअप म्हणत होता का? अशी कॉपी अर्धवट असू शकते. त्यासाठी ‘डॉट बॅकअप’ किंवा ‘व्हॅक्यूम इन्टू’ आहे. आणि घेतलेला बॅकअप महिन्यातून एकदा उघडून बघा.

शेवटचं काम सर्वांत अवघड. काकांना खरं सांगा: इतक्या नोंदी परत आल्या, इतक्या नाही. अंदाजाने आकडे भरू नका. तुमच्यासाठी तो प्रोजेक्टचा डेटा असेल, पण ज्याचे धान त्या काट्यावर चढले, त्याच्यासाठी ते वर्षभराचे चुकारे आहेत.