साइन आणि कोसाइन यांची सोपी समीकरणे

साइन अ = १/२ हे समीकरण दिले की बहुतेक विद्यार्थी अ = ३०° लिहून थांबतात. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. या पाठात आपण सर्व उकली शोधण्याची पद्धत पाहू. तसेच कोणत्या पायरीवर उकली निसटतात आणि कोणत्या पायरीवर खोट्या उकली शिरतात, तेही पाहू.

मुख्य उकली आणि व्यापक उकल

आरंभबिंदू केंद्र असलेले, १ त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्यावरील बिंदूचा य-निर्देशक म्हणजे साइन अ आणि क्ष-निर्देशक म्हणजे कोसाइन अ. म्हणून दोन्हींच्या किमती −१ ते १ याच मर्यादेत असतात.

य = १/२ ही आडवी रेषा वर्तुळाला ३०° आणि १५०° या दोन ठिकाणी छेदते. ०° ते ३६०° (३६०° वगळून) मधील या उकलींना मुख्य उकली म्हणतात. पूर्ण फेरी झाली की बिंदू त्याच जागी येतो, म्हणून व्यापक उकल अशी (न हा कोणताही पूर्णांक):

साइन अ = साइन ब असल्यास अ = ब + ३६०°न किंवा अ = १८०° − ब + ३६०°न
कोसाइन अ = कोसाइन ब असल्यास अ = ३६०°न ± ब

रेडियनमध्ये लिहिताना १८०° च्या जागी पाय घ्यावा.

व्यापक उकल कशासाठी?

भारतातील घरगुती विजेचा दाब सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणजे कोन सेकंदाला १८०००° वाढतो. दाब शून्यापासून वाढू लागल्यावर महत्तम दाबाच्या निम्मा केव्हा होईल? १८०००° × वेळ = ३०° किंवा १५०° यावरून १/६०० सेकंद आणि १/१२० सेकंद मिळतात. पुढे दर १/५० सेकंदाने हे दोन्ही क्षण पुन्हा येतात. केवळ ३०° घेतले असते, तर निम्मे क्षण हिशेबातून सुटले असते.

उदाहरण १. २ कोसाइन²अ + ३ साइन अ = ०

कोसाइन²अ = १ − साइन²अ ठेवू.
२ साइन²अ − ३ साइन अ − २ = ०
(२ साइन अ + १)(साइन अ − २) = ०
साइन अ = २ अशक्य आहे. म्हणून साइन अ = −१/२. साइन तिसऱ्या व चौथ्या चरणात ऋण असते, म्हणून अ = २१०°, ३३०°.

उदाहरण २. साइन २अ = साइन अ

२ साइन अ कोसाइन अ = साइन अ. येथे दोन्ही बाजूंना साइन अ ने भागू नये. साइन अ शून्य असू शकते. सर्व पदे एका बाजूला घेऊन अवयव पाडू.
साइन अ (२ कोसाइन अ − १) = ०
साइन अ = ० वरून ०°, १८०°; कोसाइन अ = १/२ वरून ६०°, ३००°. भागाकार केला असता तर पहिल्या दोन उकली हरवल्या असत्या.

उदाहरण ३. साइन अ + कोसाइन अ = १

वर्ग केल्यास साइन अ कोसाइन अ = ० मिळते, त्यावरून ०°, ९०°, १८०°, २७०°. मूळ समीकरणात घालून पाहा: १८०° आणि २७०° ला डावी बाजू −१ येते. वर्ग करताना १ आणि −१ यांतला फरक पुसला जातो, म्हणून पडताळा सक्तीचा.

वर्ग न करता: √२ ने भागल्यास कोसाइन (अ − ४५°) = १/√२. म्हणून अ − ४५° = ३६०°न ± ४५°, म्हणजेच अ = ३६०°न किंवा ९०° + ३६०°न. येथे भागाकार चालतो, कारण √२ कधीच शून्य नसतो.

लक्षात ठेवा

शून्य होऊ शकणाऱ्या राशीने भागल्यास उकली हरवू शकतात. वर्ग केल्यास खोट्या उकली येऊ शकतात.

सराव: मुख्य उकली काढा

१. २ साइन अ + √३ = ०
२. साइन २अ = कोसाइन अ
३. √३ कोसाइन अ + साइन अ = २

उत्तरे: १. २४०°, ३००°, २. ३०°, ९०°, १५०°, २७०°, ३. ३०°