बढती मिळालेला पिएट

कडेची माणसं : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण बंडखोरांच्या बाजूचा वेज अँटिलिस पाहिला. एकामागून एक लढायांतून जिवंत परतणारा हा वैमानिक. आज पलीकडे, शत्रूच्या जहाजावर जायचं आहे. 'स्टार वॉर्स'मधल्या साम्राज्याच्या आरमारात फर्मस पिएट नावाचा एक अधिकारी आहे. 'फर्मस' हे नाव पडद्यावर कुणी उच्चारत नाही, ते मागाहून आलेल्या पूरक पुस्तकांतून कळतं. चित्रपटात तो आधी 'कॅप्टन पिएट' असतो आणि थोड्याच वेळात 'अ‍ॅडमिरल पिएट' होतो.

मूळ तीन चित्रपटांत साम्राज्याचे गणवेशधारी अधिकारी पुष्कळ आहेत. बहुतेक जण एका चित्रपटापुरते येतात आणि त्यातच संपतात. टार्किनसारखा दबदब्याचा माणूसही पहिल्या चित्रपटाबरोबर गेला. पिएट मात्र १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये आला आणि १९८३च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये पुन्हा दिसला, तोही त्याच नटाच्या चेहऱ्यानं. त्यामुळे साम्राज्याची नोकरी माणसाचं काय करते हे दोन चित्रपटांच्या अंतरातून पाहायला मिळतं, ते याच एका माणसाच्या रूपानं. एवढं बलाढ्य साम्राज्य हरलं का, याची कारणं शोधताना लोक बंडखोरांचा नायक ल्यूक याच्याकडे, सम्राटाचा उजवा हात असलेल्या व्हेडरकडे, सम्राटाच्या गर्वाकडे बोट दाखवतात. माझ्या मते त्यातलं एक मोठं कारण पिएटच्या बढतीत दडलेलं आहे.

पहिला प्रसंग नीट पाहू. डार्थ व्हेडरचं 'एक्झिक्यूटर' हे जहाज बंडखोरांच्या शोधात आहे. अवकाशात हजारो टेहळणी यंत्रं सोडलेली आहेत. त्यांतल्या एकाकडून होथ नावाच्या बर्फाळ ग्रहावरून तुटक माहिती येते. कॅप्टन पिएट ती घेऊन आपल्या वरिष्ठाकडे, अ‍ॅडमिरल ऑझलकडे जातो. ऑझल वैतागतो. त्याला पुरावा हवा आहे, असल्या धाग्यादोऱ्यांमागे धावायला त्याच्याकडे वेळ नाही. पिएट मागे हटत नाही. चित्रांत जीवसृष्टीच्या खुणा दिसताहेत, असं तो सांगतो. ऑझल पुन्हा उडवून लावतो. पिएट तिसऱ्यांदा तोंड उघडतो: त्या ग्रहावर माणसं नाहीत अशी आपल्याकडे नोंद आहे, मग ह्या खुणा कुणाच्या?

कनिष्ठ अधिकाऱ्याची ही चिकाटी मला फार महत्त्वाची वाटते. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नाही. तो 'सर' म्हणतो, आवाज चढवत नाही, आणि तरीही मुद्दा सोडत नाही. त्याच्याजवळ निरीक्षण आहे, नोंदींची आठवण आहे, आणि दोन्हींची सांगड घालणारं डोकं आहे. कोणत्याही सैन्याला हवा असतो तो हा अधिकारी. मागून व्हेडर येतो, पडद्यावरचं चित्र पाहतो आणि पिएटचं म्हणणं क्षणात उचलून धरतो. ऑझल अजूनही तस्करांची वस्ती असेल वगैरे सांगत राहतो, पण निर्णय झालेला असतो. इथपर्यंत पाहणाऱ्याला वाटावं, की गुणाची कदर करणारी ही यंत्रणा आहे.

पुढच्या काही मिनिटांत कदर कशी होते ते दिसतं. ऑझल आरमार होथच्या फार जवळ प्रकाशवेगातून बाहेर काढतो, बंडखोर सावध होतात आणि संरक्षक कवच उभारतात. जनरल व्हीर्स ही बातमी व्हेडरला देतो. व्हेडर आपल्या दालनातल्या पडद्यावर ऑझलला बोलावतो. पडद्यावर दोघं शेजारी उभे आहेत, ऑझल आणि पिएट. व्हेडर स्वतः दुसऱ्या ठिकाणी बसलेला आहे, हातही लावत नाही, आणि ऑझलचा श्वास कोंडू लागतो. तो गळ्याशी हात नेतो. त्याच वेळी व्हेडर पिएटचं नाव घेतो आणि त्याला पुढचे हुकूम देऊ लागतो: सैन्य कुठे उतरवायचं, जहाजं कशी पसरायची. शेजारी वरिष्ठ गुदमरतो आहे आणि पिएट ताठ उभा राहून हुकूम ऐकतो आहे. ऑझल कोसळतो. व्हेडर नव्या अ‍ॅडमिरलला त्याच्या नव्या हुद्द्यानं हाक मारतो. पिएट आभार मानतो.

आभार मानताना त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघा. नजर क्षणभर बाजूला, खाली पडलेल्या देहाकडे जाते आणि लगेच परत येते. पदाचा आनंद आणि पदाची किंमत त्याला एकाच क्षणी कळलेली आहे. एवढ्या लहानशा हालचालीत केनेथ कोली ह्या नटानं जे दाखवलं, ते संवादांतून सांगायला पानभर लिहावं लागलं असतं.

त्यानंतर पिएटच्या वाट्याला येते ती वाईट बातम्या पोचवण्याची नोकरी. एकदा तो व्हेडरच्या खासगी दालनात शिरतो तेव्हा शिरस्त्राण अजून डोक्यावर चढायचं असतं. व्हेडरच्या डोक्याची फिकट, व्रणांनी भरलेली मागची बाजू त्याला दिसते, आणि जे पाहायला नको होतं ते पाहिल्याचा धसका त्याच्या तोंडावर उमटतो. बंडखोर हान सोलोचं 'मिलेनियम फाल्कन' हे यान लघुग्रहांच्या पट्ट्यात शिरलं आहे, तिथे जहाजं घालण्यात धोका आहे, हे तो सांगू पाहतो. त्याचं म्हणणं रास्त असतं. जहाजं फुटतातही. व्हेडरपुढे कप्तानांच्या त्रिमितीय प्रतिमा उभ्या असताना त्यांतली एक प्रतिमा मधेच विरून जाते, कारण त्या कप्तानाच्या जहाजावर दगड आदळलेला असतो. बैठक पुढे चालू राहते.

मग कॅप्टन नीडा. त्याच्या जहाजाच्या डोळ्यांदेखत 'फाल्कन' नाहीसं होतं. खरं तर ते त्याच्याच जहाजाच्या मनोऱ्यामागे चिकटून बसलेलं असतं. नीडा ही चूक आपल्या शिरावर घेतो आणि स्वतः जाऊन व्हेडरची क्षमा मागायचं ठरवतो. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांत असा सरळपणा दुसऱ्या कुणी दाखवलेला मला आठवत नाही. त्याचं बक्षीस म्हणून त्याचं प्रेत फरफटत नेलं जातं, आणि पिएट तिथेच उभा असतो. शोध निष्फळ ठरल्याचं नेमकं त्याच वेळी त्याला सांगायचं असतं. तो सांगतो, ताकीद ऐकतो, आवंढा गिळतो आणि हुकूम पुढे पाठवतो. (नीडाची भूमिका करणारा मायकल कल्व्हर चार वर्षांनी डेव्हिड लीनच्या 'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये मॅकब्राइड हा पोलीस अधिकारी झाला. आपल्या ओळखीच्या साम्राज्याचा गणवेशही त्याला तितकाच शोभला.)

आता जरा इतिहासात जाऊ, कारण हा सगळा प्रकार कल्पनेतला वाटला तरी त्याला खऱ्या सैन्यांचे दाखले आहेत. १७५७ साली ब्रिटिश आरमारानं अ‍ॅडमिरल जॉन बिंग याला त्याच्याच लोकांसमोर, जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या. मिनोर्काच्या लढाईत त्यानं शक्य ते सगळं केलं नाही, हा त्याचा गुन्हा. १९३७ ते १९३९ या काळात स्टालिनच्या राजवटीनं लाल सैन्याच्या पाचपैकी तीन मार्शलांचा जीव घेतला. त्यांच्याबरोबर हजारो अधिकारी गेले, आणि रिकाम्या जागांवर खालची माणसं भराभर वर चढली. प्रत्येकाला ठाऊक होतं, की आपण कुणाच्या जागी बसलो आहोत. २२ जून १९४१च्या पहाटे जर्मन फौजा सीमा ओलांडून आल्या तेव्हा 'चिथावणीला बळी पडू नका' अशा वरच्या आदेशांमुळे अनेक ठिकाणचे अधिकारी मॉस्कोच्या हुकमाची वाट पाहत राहिले. पश्चिम आघाडीचा सेनापती दिमित्री पावलोव्ह याला बरोबर एका महिन्यानं गोळी घातली गेली. चित्रपट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पावलोव्ह होता असं मी म्हणत नाही. पण भीतीवर चालणाऱ्या सैन्यात माणसं विचार करायचं कसं सोडतात, हे समजायला त्या उन्हाळ्याची हकीकत उपयोगी पडते.

आता तिसऱ्या चित्रपटाकडे. पिएट जिवंत आहे आणि त्याच जहाजावर, त्याच पदावर आहे, ही गोष्टच नवलाची. चोरलेल्या यानातून हान सोलो आणि मंडळी जुना संकेत देऊन एंडोरकडे निघतात. संकेत जुना असला तरी ग्राह्य आहे, असं पिएट व्हेडरला सांगतो. नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच आहे. लगेच तो विचारतो, की त्यांना रोखू का? होथच्या वेळचा पिएट तीनदा आपलं मत मांडत होता. हा पिएट माहिती पुरवतो आणि निर्णय दुसऱ्यावर सोपवतो.

आणि मग एंडोरची लढाई. बंडखोरांचं आरमार सापळ्यात सापडलेलं आहे. साम्राज्याची जहाजं संख्येनं आणि ताकदीनं वरचढ आहेत. 'एक्झिक्यूटर'च्या नियंत्रणकक्षात एक कनिष्ठ अधिकारी पिएटजवळ येतो आणि आपण हल्ल्याच्या जागी पोचलो असल्याचं सांगतो. पिएट म्हणतो, इथेच थांबा. तो अधिकारी आश्चर्यानं विचारतो, की हल्ला करायचा नाही? पिएटचं उत्तर असतं, की खुद्द सम्राटाचा तसा हुकूम आहे, त्यांनी काहीतरी खास योजलेलं आहे, आपण फक्त कुणाला निसटू द्यायचं नाही.

ह्या काही सेकंदांत पिएटचं अख्खं चरित्र सामावलेलं आहे. होथच्या वेळी तो जिथे उभा होता तिथे आता हा कनिष्ठ अधिकारी उभा आहे. त्याचा प्रश्न तितकाच रास्त आहे. पिएट त्याच्यावर ऑझलसारखा खेकसत नाही, पण ऐकूनही घेत नाही. त्याला स्वतःला प्रश्न पडलाच नसेल असं त्याचा चेहरा पाहून वाटत नाही. मात्र प्रश्न विचारण्याची सवय त्यानं आता सोडून दिली आहे. सम्राटाला ल्यूकच्या डोळ्यांसमोर बंडखोरांचा विनाश घडवून त्याचं मन मोडायचं आहे, म्हणून साम्राज्याचं सर्वांत मोठं आरमार बघ्यासारखं थांबतं. त्या थांबण्यात बंडखोरांना वेळ मिळतो. ते शत्रूच्या जहाजांना इतके जाऊन भिडतात की साम्राज्याच्या डेथ स्टार या अवकाशतळावरच्या मोठ्या तोफेचा उपयोग उरत नाही. 'एक्झिक्यूटर'च्या नियंत्रणकक्षाचं कवच जातं, पिएट समोरचा मारा वाढवायला सांगतो, आणि एक छोटं ए-विंग विमान सरळ काचेतून आत घुसतं. आताची संदर्भपुस्तकं ज्याची लांबी १९ किलोमीटर सांगतात, ते जहाज तोल जाऊन डेथ स्टारवर कोसळतं.

ऑझलसारखे अधिकारी असते तर ही लढाई हरणं समजण्यासारखं होतं. इथे हरला तो साम्राज्याचा सर्वांत हुशार आरमारी अधिकारी, आणि हरला तो त्याची हुशारी वापरायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती म्हणून. ती हिंमत बंडखोरांनी हिरावलेली नव्हती. ती ऑझल कोसळला त्या दिवशी, आभार मानताना गेली.

अनेक चाहत्यांना पिएटबद्दल कणव वाटते. मलाही वाटते. पण तिला मर्यादा घालायला हवी. ह्याच साम्राज्यानं पहिल्या चित्रपटात आल्डेरान नावाचा ग्रह माणसांसकट नष्ट केला होता. त्यानंतरही पिएट त्याच गणवेशात राहिला. होथवरच्या बंडखोरांचा ठावठिकाणा त्यानंच शोधून दिला, हेही विसरून चालणार नाही. ज्या चिकाटीचं मी वर कौतुक केलं, तिच्यामुळेच होथच्या बर्फात माणसं मेली. तो क्रूर नाही, हे खरं. कुणाला छळताना त्याला आनंद झालेला दिसत नाही. तरी यंत्रणा चालते ती पिएटसारख्यांच्या नीटनेटक्या कामावर, व्हेडर एकटा एवढी जहाजं हाकू शकत नाही. लेखक-दिग्दर्शकांनी त्याला माफही केलेलं नाही आणि राक्षसही केलेलं नाही, हे त्यांचं श्रेय. दुसऱ्या चित्रपटाचा दिग्दर्शक अर्विन कर्शनर ह्याला चेहऱ्यांजवळ जाण्याची आवड होती, आणि पिएटला तिचा मोठा फायदा झाला.

केनेथ कोलीबद्दल थोडं. जन्म १९३७चा, मँचेस्टरचा. साम्राज्याचे अधिकारी म्हणून लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत ब्रिटिश रंगभूमीवरचे आणि टीव्हीवरचे कसलेले नट घेतले गेले, त्यांतला हा एक. 'एम्पायर'च्या आदल्याच वर्षी माँटी पायथनच्या 'लाइफ ऑफ ब्रायन'मध्ये त्यानं डोंगरावर प्रवचन देणारा येशू उभा केला होता, आणि त्या धमाल चित्रपटात ती छोटी भूमिका त्यानं पूर्ण गांभीर्यानं केली. पिएटच्या अंगावरचा करडा-हिरवा गणवेश ही जॉन मोलो याची रचना. मोलो मुळात लष्करी गणवेशांचा अभ्यासक होता आणि पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या वेशभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. ताठ कॉलर, छातीवर हुद्द्याच्या रंगीत चौकटी, सगळं अंग झाकलेलं. अशा कपड्यात नटाकडे उरतो फक्त चेहरा, आणि कोलीनं तेवढ्यावर काम भागवलं. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी 'फाल्कन' हातातोंडाशी येऊन निसटतं तेव्हा पिएट मृत्यूची वाट पाहत उभा राहतो आणि व्हेडर एक शब्द न बोलता निघून जातो. तो क्षण केवळ कोलीच्या डोळ्यांमुळे लक्षात राहतो. कोली ३० जून २०२५ रोजी वयाच्या ८७व्या वर्षी गेला.

'रिटर्न ऑफ द जेडाय' पुन्हा पाहाल तेव्हा एंडोरच्या लढाईत तो कनिष्ठ अधिकारी प्रश्न विचारतो ती जागा चुकवू नका, डोळ्याची पापणी लवेतो निघून जाते. पुढच्या आठवड्यात १९८६च्या 'एलियन्स'मधला लेफ्टनंट गोरमन: ज्याचा अनुभव मुख्यतः सरावातल्या बनावट मोहिमांचा, आणि ज्याच्या हाती खरी पलटण आली.