रद्दी कोणाची, मळ कोणाच्या वाट्याला?



मनमाड हे जंक्शनचे गाव. माल कोठून आला आणि कोठे चालला, हे विचारण्याची सवय इथल्या माणसाला असतेच. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे पुष्कळसे वाचन आम्ही रद्दीच्या दुकानात बसून केले. तेव्हा आज रद्दीविषयीच बोलतो. घरातली जुनी वर्तमानपत्रे आपण तराजूत टाकतो, त्यांचा भाव केवळ आपल्या गल्लीत ठरत नाही. भारत आणि चीन या दोन देशांच्या व्यापाराचाही त्यावर परिणाम होतो.

कागद म्हणजे तंतूंचा थर. लाकूड किंवा बांबू शिजवून लगदा करतात, तसा रद्दी भिजवूनही करता येतो. मात्र दर खेपेस तंतू आखूड होतो आणि पाचसात खेपांनंतर तो निकामी ठरतो. थंड देशांतील सूचिपर्णी झाडांचा तंतू लांब असतो; म्हणून तिकडच्या जुन्या खोक्यांना मागणी फार.

आपण आधी जंगलावर भिस्त ठेवली. 1945 साली बल्लारपूरच्या गिरणीची स्थापना झाली. आपल्याच रेल्वेमार्गावर, भुसावळच्या पुढे, नेपानगरला सलई व बांबूपासून वर्तमानपत्री कागद होऊ लागला. 1956 साली पंडित नेहरूंनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला. पण जंगल पुरेना, तेव्हा पुष्कळ गिरण्या रद्दीकडे वळल्या. देशातली रद्दी अपुरी, म्हणून परदेशची आली.

चीन तर कागदाची जन्मभूमी. पण लाकडाची वाण त्यालाही होती. त्याचा माल खोक्यांत भरून अमेरिकेस जाई आणि तीच खोकी रद्दी होऊन परतीच्या जहाजांतून स्वस्त भाड्यात येत. 2012 च्या सुमारास चीन वर्षाला जवळजवळ 3 कोटी टन रद्दी घेत होता. गठ्ठ्यांबरोबर प्लास्टिक आणि घाणही येई. 2017 साली त्याने निर्बंध जाहीर केले आणि 1 जानेवारी 2021 पासून ही दारे बंद केली.

मग ती जहाजे भारताकडे व आग्नेय आशियाकडे वळली. पुढची गंमत पाहा. 2020-21 मध्ये आपल्या गिरण्यांतला क्राफ्ट कागद मोठ्या प्रमाणावर चीनला जाऊ लागला. इकडे त्याचे भाव चढले आणि खोकी बनविणारे लहान कारखानदार हवालदिल झाले. म्हणजे चीनला तंतू मिळाला. गठ्ठे फोडणे, धुणे आणि मळाची विल्हेवाट लावणे मात्र आपल्याकडे राहिले!

व्यापाराचा हिशेब केवळ रुपयांत मांडू नये, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. बाहेरची रद्दी स्वस्त झाली, की रस्त्यावर कागद वेचणाऱ्या बाईची दिवसभराची कमाई घटते. आणि तिला त्याचे कारणही कळत नाही. पुण्यात 1993 साली अशा कष्टकऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली. वेचणे हेही काम आहे आणि त्याला ओळखपत्र हवे, हे त्यांनी संघटनेच्या बळावर मान्य करून घेतले.

देशाला तंतू हवा असेल, तर आधी घरचा तंतू वाचवला पाहिजे. ओल्या कचऱ्यात गेलेला कागद मातीमोल होतो. कोरडा ठेवला तर तोच गिरणीत पोहोचतो. एवढे आपल्या हाती आहे. आणि तो नेणारी बाई दारात आली, तर वजनाबरोबर तिच्या श्रमाचीही नोंद आपण मनात घ्यावी.