तारा ओढणारे आपण, वाटा आखणारे कोण?

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत सकाळी फेरफटका मारला, तर खांद्यावर केबलचे भेंडोळे आणि कमरेला पक्कड लावलेला एखादा तरुण हमखास भेटतो. कोणी ब्रॉडबँडची लाईन टाकतो, कोणी कॅमेरे बसवतो, कोणी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात संगणकाच्या तारा जोडतो. त्यांच्या वडिलांच्या पिढीला रेमंडच्या गिरणीचा आधार होता. ती ठाण्याची गिरणी २००९ साली बंद झाली. गिरणीत गेलेल्या बापाचा मुलगा आज संगणकाच्या जाळ्यात पोट भरतो आहे. कष्टाची भाकरी आहे, तिचा आम्हाला अभिमानच आहे.

मध्यंतरी याच भागातील एका घरी आम्ही बसलो होतो. थोरली मुलगी संगणकाची इंजिनिअर झालेली. हाती नोकरीचे पत्र आणि मनात एम.टेक. करण्याचा विचार. विषय संगणकाची जाळी, म्हणजे नेटवर्किंग. तिच्या आईने चहाचा कप पुढे ठेवत आम्हाला विचारले, "दादा, चार वर्षे शिकली. आता आणखी दोन वर्षे कशाला? घराचा हप्ता कोण भरणार?"

हा प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. असा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत विचारला जातो. त्या माऊलीला तिथल्या तिथे आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

आधी रेल्वेचे उदाहरण घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली. खडी टाकणारे, रूळ बसवणारे, गँगमन म्हणून उन्हापावसात राबणारे यांत आपली माणसे होती. परंतु कोणती गाडी कोणत्या रुळावरून सोडायची, कोणाला सिग्नलला थांबवायचे, हे ठरवणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचायला आपल्याला पिढ्या लागल्या. संगणकाच्या जाळ्यातही असेच आहे. तारा ओढण्याचे काम वेगळे, वाटा आखण्याचे काम वेगळे.

हे वाटा आखणे म्हणजे काय? तुम्ही मोबाईलवरून गावी फोटो पाठवता, तो अखंड जात नाही. त्याचे पुष्कळ छोटे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पोस्टाच्या पाकिटासारखा पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेत राउटर नावाची यंत्रे तो पत्ता वाचून तुकडा पुढच्या रस्त्याला लावतात. एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा पाठवला जातो, आणि शेवटी सगळे तुकडे क्रमाने जोडून फोटो पुरा होतो. रस्त्यावर गर्दी झाली तर काय करायचे, एक वाट तुटली तर दुसरी कशी शोधायची, मधल्या मध्ये चोराने मजकूर वाचू नये म्हणून कुलूप कसे लावायचे, याचे नियम माणसांनीच बसून लिहिलेले आहेत. पदव्युत्तर शिक्षणात हेच शिकवतात. पहिल्या वर्षी राउटिंग, बिनतारी जाळी, सुरक्षा आणि रांगांचे गणित. दुसऱ्या वर्षी एक प्रश्न घेऊन त्यावर स्वतः प्रबंध लिहायचा.

गंमत अशी, की हे नियम लिहायला सुरुवात केली तीच मुळी विद्यार्थ्यांनी. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टीव्ह क्रॉकर नावाचा पदव्युत्तर विद्यार्थी होता. जाळ्याच्या नियमांचे पहिले टिपण त्याने ७ एप्रिल १९६९ रोजी काढले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्या विद्यापीठातून पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरे गेली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! विंट सर्फ हाही तिथलाच विद्यार्थी. पदवीनंतर आयबीएम कंपनीत लागलेली नोकरी सोडून तो पुन्हा शिकायला आला. १९७४ साली त्याने आणि बॉब कान यांनी जो निबंध लिहिला, त्यातल्या नियमांवर आजचे इंटरनेट उभे आहे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कोणी म्हणू नये. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने भारत सरकारने 'अर्नेट' हे शिक्षणसंस्थांचे जाळे उभारायला घेतले. त्यात जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर संस्था आणि पवईची आयआयटी या आपल्या मुंबईच्या दोन संस्था होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा पूर्ण सोयीच्या खाजगी खात्याला २५० तासांचे १५,००० रुपये पडत. कामगाराच्या घराने त्याचे नावही काढले नसते.

त्याहून जवळचे उदाहरण पालघरचे. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. तिथल्या गावांपर्यंत केबल नेणे महाग. मग पवईच्या आयआयटीत प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'ग्राममार्ग' हा प्रकल्प झाला. दूरदर्शनच्या लहरींतील बराच भाग वापराविना पडून असतो. या लहरी लांब जातात, झाडाझुडपांतूनही पार होतात. त्यांच्यावरून खामलोळी आणि आसपासच्या गावांत इंटरनेट पोहोचवले गेले. २०१७ साली मोझिला या परदेशी संस्थेच्या स्पर्धेत या कामाला पहिला क्रमांक मिळाला. खेड्यातल्या माणसाची अडचण ओळखून नवी वाट काढायची, हे पदव्युत्तर शिक्षणाचे खरे फळ. अशा अडचणी ज्यांनी घरी भोगल्या आहेत, ती मुले त्या बाकावर बसलीच पाहिजेत.

आता त्या माऊलीच्या प्रश्नाकडे येऊ. हप्ता कोण भरणार?

एम.टेक.चा मुख्य दरवाजा म्हणजे 'गेट' ही परीक्षा. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना फी निम्मी आहे. गेट पास होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेतला, तर दरमहा १२,४०० रुपये अशी दोन वर्षे शिष्यवृत्तीची तरतूद आहे. ही रक्कम पगाराइतकी नाही, हे आम्हाला कबूल आहे. पण मुलाचा खर्च घरावर पडत नाही, हेही थोडके नव्हे. आयआयटीत संशोधन सहायक म्हणून काम करीत तीन वर्षांत एम.टेक. पुरे करण्याचीही सोय आहे. माटुंग्याचे व्हीजेटीआय तर लोकलच्या पासावर गाठता येते.

गेटचे गुण तीन वर्षे चालतात, ही गोष्ट पालकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. म्हणजे परीक्षा आज द्यायची, वर्ष दोन वर्षे नोकरी करून घराचे देणे हलके करायचे आणि मग प्रवेश घ्यायचा, हा मार्ग मोकळा आहे. आपल्याला हा मार्ग नवा नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. शिक्षण थांबले होते, सुटले नव्हते.

बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. झालेल्यांसाठी एम.सी.ए. आहे. ती आता दोन वर्षांची झाली असून राज्याच्या सीईटीमार्फत प्रवेश मिळतो. सी-डॅक या सरकारी संस्थेची संगणकजाळी व सुरक्षा यांवरची पदविका साधारण सहा महिन्यांची असते. तिची प्रवेशपरीक्षा वेगळी आहे.

कागदपत्रांत आपली मुले अडतात, म्हणून तेही सांगतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या संस्थांना जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो वेगळा काढून ठेवावा. राज्यातील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज ऐन प्रवेशाच्या वेळी करू नये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यापुढे असेल तर फ्रीशिप. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. कोणत्या शिष्यवृत्तीबरोबर कोणती चालते, हे कॉलेजच्या कार्यालयात आधी विचारावे.

एक इशाराही द्यावासा वाटतो. आमच्या नात्यातल्या एका मुलाने 'नेटवर्किंगचा कोर्स, नोकरीची हमी' अशी पाटी पाहून एका खाजगी क्लासात पन्नास हजार भरले. आईचे मंगळसूत्र त्यासाठी गहाण पडले. हाती आले एक रंगीत सर्टिफिकेट आणि ठेकेदाराकडे केबल ओढण्याचे काम. सिस्को कंपनीची सीसीएनए परीक्षा खरी आहे, तिला जगभर मान असतो. परंतु ती पदवी नव्हे आणि तीन वर्षांनी तिची मुदत संपते. पैसे भरण्यापूर्वी एवढेच विचारावे: ही पदवी आहे काय, ती देणारे विद्यापीठ कोणते, आणि हमी लेखी देता काय? उत्तर देताना समोरचा माणूस घुटमळला, तर पिशवीचे तोंड बांधून घरी यावे.

खाडीपलीकडे ऐरोली, महापे येथे मोठमोठी डेटा सेंटरे उभी राहिली आहेत. समुद्राखालून येणाऱ्या केबली वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. ही सारी यंत्रणा आपल्या घरापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. तिथे पहाऱ्याला, साफसफाईला, तारा ओढायला आपली माणसे लागणारच. आराखड्याच्या टेबलावरही ती असावीत, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून त्या माऊलीला आता सांगावेसे वाटते: ताई, पोरीला नोकरी खुशाल करू द्या, हप्ता भरू द्या. पण यंदा तिला गेटचा अर्जही भरू द्या. रात्री दोन तास तिला भांड्यांतून आणि पाहुण्यांतून मोकळीक द्या. टीव्हीचा आवाज तेवढा कमी ठेवा. पुढचे ती बघून घेईल.