मूलपेशी: उपचार कोणता, प्रयोग कोणता?

शरीरातल्या बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. हृदयाच्या स्नायूची पेशी आकुंचन पावते, लाल रक्तपेशी प्राणवायू वाहते. मूलपेशीला मात्र दोन गोष्टी जमतात: आपल्यासारख्याच आणखी पेशी तयार करणे आणि गरज पडेल तशा ठरावीक कामाच्या पेशी घडवणे. टोरांटोतील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून रक्ताच्या मूलपेशींचा पुरावा मांडला. तेव्हापासून या शास्त्राने बरेच काही मिळवले, आणि त्याच्या नावावर बरेच काही विकलेही गेले. या दोन गोष्टींची गल्लत होते तिथे बहुतेक गैरसमज जन्मतात.

गैरसमज: मूलपेशींचे उपचार अजून प्रयोगशाळेतच आहेत.

वस्तुस्थिती: आपण ज्याला ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ म्हणतो ते मूलपेशींचेच प्रत्यारोपण आहे. अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५० च्या दशकात त्याची सुरुवात केली आणि त्याबद्दल १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भारतातले पहिले प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, ॲप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत हा आता प्रस्थापित उपचार आहे.

डोळ्यातही असेच यश आहे. रसायनाने वा चुन्याने डोळा भाजला की बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी नष्ट होतात आणि पारदर्शक पटल पांढुरके होते. दुसऱ्या, चांगल्या डोळ्यातून त्या पेशींचा छोटा तुकडा घेऊन तो लावण्याची सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत विकसित झाली.

गैरसमज: रक्ताचा आजार बरा होतो, तर मेंदूचा आणि मणक्याचाही होईल.

वस्तुस्थिती: रक्ताच्या मूलपेशी शिरेतून दिल्या तरी अस्थिमज्जेपर्यंत आपणहून पोहोचतात आणि तिथे रक्त बनवू लागतात. ते त्यांचे निसर्गदत्त कामच आहे. मेंदूचे तसे नाही. तिथे योग्य जागी योग्य प्रकारची चेतापेशी तयार व्हावी लागते, ती जगावी लागते, आणि हजारो इतर पेशींशी तिची अचूक जोडणी व्हावी लागते. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचून हे घडते, असा भरवशाचा पुरावा नाही.

स्वमग्नतेच्या बाबतीत हा मुद्दा फार टोकदार होतो. मूल बोलावे म्हणून आईवडील वाटेल ते करायला तयार असतात, आणि काही दवाखाने याच अगतिकतेवर चालतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, आणि त्यांची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन मानले जाईल.

गैरसमज: आपल्याच शरीरातल्या पेशी आहेत, म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती: अमेरिकेत फ्लोरिडातील एका दवाखान्यात दृष्टिपटलाचा वयोमानाने होणारा आजार असलेल्या तीन वृद्ध महिलांना त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या. तिघींचीही दृष्टी कायमची गेली किंवा अत्यंत क्षीण झाली. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने हे प्रकरण छापले. उपचारासाठी त्यांच्याकडून प्रत्येकी पाच हजार डॉलर घेतले होते. तो सरकारी संकेतस्थळावर नोंद असलेल्या क्लिनिकल ट्रायलचा भाग आहे, अशी त्यांच्यातल्या काहींची समजूत होती.

पेशी कोणाच्या, एवढ्यावर सुरक्षितता ठरत नाही. त्या कशा काढल्या, कशा वाढवल्या आणि कुठे टोचल्या, यावर ती ठरते. भरपूर विभाजन करू शकणारी पेशी गाठही बनवू शकते.

गैरसमज: हे संशोधन गर्भपात केलेल्या अर्भकांवर चालते.

वस्तुस्थिती: विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणातील मूलपेशी पहिल्यांदा वेगळ्या करून वाढवल्या. त्या आयव्हीएफ केंद्रात तयार झालेल्या, पण गर्भाशयात न सोडलेल्या भ्रूणांतून, दात्यांच्या संमतीने घेतल्या होत्या. असा भ्रूण जेमतेम पाच-सहा दिवसांचा, शंभर-दोनशे पेशींचा असतो. त्याला अवयव नसतात, चेतासंस्था नसते.

तरीही पेशी काढताना तो भ्रूण नष्ट होतो, हे खरे आहे. म्हणून आक्षेप घेणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे योग्य नाही. जीवन कुठे सुरू होते, या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शक देत नाही. ते समाजाला ठरवावे लागते. ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, कारण त्या सुमारास भ्रूणात शरीराची पहिली अक्षरेषा उमटते. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनीही हीच मर्यादा स्वीकारली आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ऑगस्ट २००१ मध्ये आधीच तयार असलेल्या पेशीसंचांवरील संशोधनालाच केंद्राचा निधी देण्याचे ठरवले. त्या संचांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचेही संच होते.

गैरसमज: आता त्वचेपासूनच मूलपेशी बनतात, त्यामुळे नैतिक प्रश्न संपले.

वस्तुस्थिती: क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशींत चार जनुके घालून त्यांना भ्रूणपेशींसारख्या अवस्थेत नेले. २०१२ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. भ्रूणावाचून काम भागू लागले, हे मोठेच पाऊल होते. पण प्रश्न संपले नाहीत, बदलले. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी नर उंदराच्या पेशींपासून स्त्रीबीज घडवून पिल्ले जन्माला घातली. उद्या माणसात हे शक्य झाले, तर त्वचेचा नमुना देणाऱ्याच्या संमतीत काय काय धरायचे?

या क्षेत्राने सावधपणाही दाखवला आहे. २०१४ मध्ये जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने अशा पेशींपासून बनवलेले पटल पहिल्यांदा रुग्णाच्या डोळ्यात बसवले. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळताच मात्र त्यांनी ती शस्त्रक्रिया थांबवली.

गैरसमज: बाळाच्या नाळेतले रक्त खासगी बँकेत ठेवणे म्हणजे त्याचा आयुष्यभराचा विमा.

वस्तुस्थिती: नाळेतील रक्त मौल्यवान आहे. १९८८ मध्ये पॅरिसला एका मुलावर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्ताचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. पण ते रक्त बहिणीचे होते, हे लक्षात घ्या. मुलाला थॅलेसेमियासारखा जनुकीय आजार असेल, तर तोच दोष त्याच्या साठवलेल्या रक्तातही असतो. ल्युकेमियातही स्वतःचे रक्त सहसा टाळतात. स्वतःसाठी ते वापरण्याची वेळ येण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी कमी मानली जाते. घरात आधीच आजारी भावंड असेल, तर साठवणुकीला अर्थ आहे. एरवी बालरोगतज्ज्ञांची संघटनाही खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही.

गैरसमज: मूलपेशी दान करणे म्हणजे पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया.

वस्तुस्थिती: कण्याला कोणी हात लावत नाही. बहुतेक वेळा दात्याला काही दिवस इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात आणतात आणि यंत्राने हातातल्या शिरेतून वेगळ्या करतात. मज्जाच हवी असेल, तर ती भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून दात्यांच्या नोंदणीला महत्त्व आहे, आणि नोंदणीसाठी गालाच्या आतला बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो.

मग विचारायचे काय?

आपल्याकडचा आजचा नैतिक प्रश्न भ्रूणापेक्षा बिलाचा अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण हा उपचार आहे. औषध नियंत्रकांनी मोजक्या उत्पादनांना स्वतंत्र मान्यता दिली आहे. बाकी सारे संशोधन आहे. संशोधनात सहभागी रुग्णाकडून त्या प्रयोगाचे पैसे घेता येत नाहीत. इजा झाली तर जबाबदारी प्रयोग करणाऱ्यांची असते. म्हणून दवाखान्यात दोनच प्रश्न विचारा: हा माझ्या आजारासाठी मान्यताप्राप्त उपचार आहे का? नसेल, तर नीतिसमितीने मंजूर केलेली आणि नोंदलेली ट्रायल कुठली, आणि मग मी पैसे कशाचे द्यायचे? ट्रायलची नुसती नोंद म्हणजे मान्यता नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी बाजू न्यायाची आहे. रुग्णाच्याच रक्ताच्या मूलपेशींच्या जनुकांत बदल करणाऱ्या कॅसजेव्ही या सिकलसेलवरील उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत हाच आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एकीकडे सिद्ध न झालेला उपचार शहरात सहज विकत मिळतो. दुसरीकडे सिद्ध झालेला उपचार ज्याला हवा त्याच्या आवाक्यातच नाही. पहिल्यासाठी नियम आहेत, ते राबवायला हवेत. दुसऱ्यासाठी देशातच, परवडेल अशा खर्चात संशोधन व्हायला हवे, आणि त्याची मागणी रुग्णांनी व मतदारांनीच लावून धरायला हवी.