गिट: कोडचं लॉगबुक

सावनेर तालुक्यातल्या खापरखेड्यात महानिर्मितीचं १३४० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक. अशा केंद्रात पाळी बदलताना लॉगबुक हाती येतं. कोणता पंप बंद केला, किती वाजता, कशासाठी, हे त्यात वाचल्याशिवाय नवी पाळी कामाला लागत नाही. नोंद चुकली तर पान फाडायचं नसतं; खाली नवी नोंद करायची असते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं असंच लॉगबुक म्हणजे गिट.

लिनक्स कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर या प्रणालीवर चालायचं. २००५ मध्ये तिचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये नोंदवला जाऊ लागला. जुलैपासून त्याची देखभाल जुनियो हमानो करत आले आहेत. आधीच्या सीव्हीएस, सबव्हर्जन या प्रणालींमध्ये इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर असे. गिटमध्ये प्रकल्पाची प्रत घेतली की सगळा इतिहास आपल्या मशीनवर येतो. नेट गेलं तरी कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करता येतं, जुन्या नोंदी चाळता येतात. नेट आलं की पुश करून नोंदी सर्व्हरवर पाठवायच्या.

रोजच्या कामाला मोजक्या कमांड पुरतात. टर्मिनल उघडल्यावर आधी गिट स्टेटस: कोणत्या फायली बदलल्या ते कळतं. मग गिट डिफ: नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या ते दिसतं. गिट ॲडने पुढच्या नोंदीत काय जाणार ते निवडायचं. त्याला -पी जोडलं तर गिट बदलाचा एकेक तुकडा दाखवून घेऊ का म्हणून विचारतं, आणि आपलंच काम आपल्याकडून एकदा तपासून होतं. शेवटी गिट कमिट.

देवनागरीत फायलींची नावं ठेवणारा इथे एकदा तरी गोंधळतो. स्टेटसमध्ये नावाच्या जागी ३४०, २४४ अशा आकड्यांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. गिट त्या अक्षरांचे बाइट आकड्यांत छापत असतं. कोअर.कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केलं की मराठी नाव नीट दिसतं. डिफही ओळीनिहाय चालतं, त्यामुळे लांबलचक परिच्छेदात एक वेलांटी सुधारली तरी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. अशा वेळी --वर्ड-डिफ लावलं की फक्त बदललेला शब्द उठून दिसतो.

प्रत्येक कमिटला त्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटवरून काढलेली ओळख मिळते. मागची एक नोंद बदलली की पुढच्या सगळ्यांची ओळख बदलते. म्हणून सहकाऱ्यांपर्यंत पोचलेला इतिहास खोडू नये. गिट रिव्हर्टने उलटा बदल नवी नोंद म्हणून करावा. हातून कमिट हरवलं तर गिट रिफ्लॉगमध्ये ते बहुधा सापडतं. कमिटच न केलेलं काम मात्र रिसेट --हार्डने गेलं की गिटकडून सहसा परत मिळत नाही. म्हणून थोडं-थोडं, वेळेवर कमिट करावं.

छोट्या नोंदींचा खरा फायदा बिघाड शोधताना होतो. गिट बायसेक्टला एक नीट चालणारी स्थिती आणि एक बिघडलेली स्थिती सांगितली की ते दर वेळी मधली नोंद तपासायला देतं. हजार नोंदींतली दोषी नोंद साधारण दहा चाचण्यांत सापडते. त्या नोंदीत एकच बदल असेल तर कारणही तिथेच हाती लागतं. तीन दिवसांचं सगळं काम एकत्र कोंबलेलं असेल तर शोध पुन्हा सुरू.

काय बदललं, कोणी, केव्हा, हे गिट लिहून ठेवतं. का बदललं, हे माणसानेच लिहायचं असतं. ‘फिक्स’ एवढाच संदेश टाकणारा ते कारण स्वतःबरोबर घेऊन जातो. ‘बिलाची तारीख महिन्याच्या ३१ला चुकत होती, म्हणून हिशेब बदलला’ या एका वाक्याने पुढच्या माणसाची दुपार वाचते. संदेश मराठीतही लिहिता येतो, गिटला अडचण नाही. सगळ्या टीमला मराठी कळत असेल तर जरूर मराठीत लिहा, पण कारण लिहा.